कोरियन व्यंजने: 'जादोंग' आणि 'सुदोंग' यांत माझी गल्लत होते, कोणत्या क्रमाने शिकावे?

दुसरी पाळी (इंदूर)

नमस्कार. मी इंदूरला राहतो आणि पीथमपूरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. आमच्याकडे एक जुनी कोरियन प्रेस मशीन आहे, जिच्या पॅनेलवरची सगळी बटणे कोरियन लिपीत आहेत. सोबत आलेला इंग्रजी तक्ता तेलाने माखून केव्हाच निकामी झाला. तेव्हापासून आम्ही बटणांखाली चिकटपट्ट्या लावून त्यांवर मार्करने नावे लिहितो आणि थोड्याच दिवसांत त्या पट्ट्या गळून पडतात. मागच्या महिन्यात अशीच एक पट्टी पडली होती. सिलेक्टर स्विचच्या दोन बाजूंना दोन शब्द आहेत, एक 'जादोंग', म्हणजे ऑटो, आणि दुसरा 'सुदोंग', म्हणजे मॅन्युअल. दोन्ही शब्दांचा उत्तरार्ध अगदी एकच आहे. मी पहिले अक्षर नीट न पाहता अंदाजाने स्विच फिरवला, डाय बसवताना मशीन ऑटोवर राहिली, आणि सहकाऱ्याने वेळेवर इमर्जन्सीचे लाल बटण दाबले म्हणून नुकसान एका डायवर निभावले. चूक माझीच होती. त्या रात्री घरी येताना ठरवले की आता ही अक्षरे शिकायचीच.

मी एका तक्त्यावरून चौदा व्यंजने पाठ केली: ग, न, द, र, म, ब, स, अ, ज, छ, ख, थ, फ, ह. तक्ता तोंडपाठ आहे, पण शब्द समोर आला की अडतो. तक्त्यात 'ब' म्हटलेले अक्षर ध्वनिफितीत 'प' ऐकू येते. ज्या गोल अक्षरापुढे 'अ' लिहिले आहे ते कधी मुकेच असते तर कधी 'ङ' होते. सेजोंग राजाने ही लिपी 1446 साली जाहीर केली, त्या वेळच्या ग्रंथाच्या शेवटी असे म्हटले आहे की शहाण्याला ती एका सकाळीत येते आणि मंदबुद्धीलाही दहा दिवसांत. माझा आज सोळावा दिवस आहे.

एक विनंती: माझ्या फोनवर या फलकावरची कोरियन अक्षरे रिकाम्या चौकोनांसारखी दिसतात, तेव्हा कृपया आकार शब्दांत सांगावेत.

रामबागकर

सोळावा दिवस असला तरी काही बिघडलेले नाही. आपला तक्ता चुकीच्या टोकाकडून सुरू होतो, एवढेच. मी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत असे आणि कोरियन निवृत्तीनंतर नातीच्या सोबतीने शिकले, त्यामुळे माझे उत्तर मास्तरकीच्या वळणाचे होईल, ते सोसून घ्यावे.

आपण पाठ केला तो शब्दकोशाचा क्रम आहे. आपल्याकडे वर्णमालेचा क्रम 'क ख ग घ' असा असला तरी पाटीवर मुलाचा हात 'ग म भ न' असा वळवतात, कारण ती अक्षरे एकमेकांतून निघतात. कोरियन व्यंजनांचे तर मूळच असे आहे. सेजोंगच्या ग्रंथाची स्पष्टीकरणासह असलेली प्रत 1940 साली उजेडात आली आणि तिच्यात आकारांची कारणे दिलेली आहेत. मूळ आकार पाच. 'ग'साठी जिभेचे मूळ घशाकडे उचलून वाट अडवते, तिची बाजूने दिसणारी आकृती; ती विळ्यासारखी किंवा इंग्रजी सातच्या आकड्यासारखी दिसते. 'न'साठी जिभेचे टोक वर टाळूला टेकते, म्हणून इंग्रजी एलसारखा कोन. 'म' म्हणजे मिटलेले तोंड, म्हणून चौकोन. 'स' म्हणजे दात, म्हणून तंबूसारखी दोन तिरकी पाती. आणि घसा म्हणजे वर्तुळ. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य ही उच्चारस्थाने आपण शाळेत घोकली आणि विसरलो; तिथे ती कागदावर काढून ठेवली आहेत.

आता या पाचांवर रेघा चढवा. विळ्याच्या पोटात एक आडवी रेघ टाकली की 'ख'. एलच्या डोक्यावर आडवी रेघ दिली की डावीकडून बंद आणि उजवीकडून उघडा असा चौकटी कंस होतो, तो 'द'. त्याच्या मध्ये आणखी एक रेघ घातली की इंग्रजी ईसारखा 'थ'. चौकोनाच्या दोन्ही भिंती वर वाढवल्या की अर्धी भरलेली बादली, ती 'ब'. 'फ' मात्र या घराण्यातला जरा फटकून वागणारा मुलगा आहे, दोन आडव्या रेघांमध्ये दोन खांब असे त्याचे रूप आहे. तंबूवर आडवे छप्पर टाकले की 'ज', छपरावर छोटा तुरा लावला की 'छ'. वर्तुळावर आडवी रेघ आणि तुरा आला की टोपी घातलेला 'ह'. राहिला 'र', जो इंग्रजी दोनचा आकडा कोनांत मोडल्यासारखा दिसतो आणि कोणत्याच घरात नीट बसत नाही. जुन्या ग्रंथानेही त्याला वेगळाच धरला आहे. रेघ वाढली की उच्चाराचा जोर वाढला, हे सूत्र प्रत्येक जोडीत काटेकोर लागू पडते असे नाही, पण लक्षात ठेवायला पुरेसे आहे.

तेव्हा आपल्या स्विचचे उत्तर एका रेघेत आहे. 'सु'मध्ये नुसता तंबू आहे आणि 'जा'मध्ये तंबूवर छप्पर आहे. यापुढे स्विचला हात लावण्याआधी छप्पर पाहावे.

विळ्याची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगते. कोरियन भाषेत निरक्षर माणसाबद्दल म्हणतात की समोर विळा ठेवला तरी त्याला 'गियॉक' ओळखता येत नाही. 'गियॉक' हे त्या पहिल्या अक्षराचे नाव. आपल्या इंदुरात ज्याला 'काला अक्षर भैंस बराबर' म्हणतात, त्याच्यासाठी तिकडे शेतातला विळा कामाला येतो. माझ्या नातीने हे ऐकल्यावर स्वयंपाकघरातली विळी आडवी-उभी करून पाहिली. विळीचा काही गियॉक झाला नाही, पण अक्षर तिच्या डोक्यातून पुन्हा गेले नाही.

आपल्या दुसऱ्या अडचणीसाठी अक्षरांची नावे पाठ करावीत, कारण नावातच नियम दडलेला आहे. नावाची घडण अशी की आधी ते अक्षर 'ई' लावून म्हणायचे, मग 'उ' म्हणून त्याच अक्षरावर थांबायचे. म्हणून 'न'चे नाव नीउन आणि 'म'चे मीउम. आता 'र'चे नाव पाहा, रीउल: सुरुवातीला र आणि शेवटी ल, म्हणजे हे एकच अक्षर दोन स्वरांच्या मध्ये र आणि अवयवाच्या, म्हणजे एका दमात उच्चारायच्या अक्षरसमूहाच्या, शेवटी ल होते, हे नावच सांगते. 'नारा' म्हणजे देश आणि 'दाल' म्हणजे चंद्र, दोन्हींत तोच मोडलेला दोन. 'ज'चे नाव जीउत, कारण शेवटी आला की त्याचा त होतो. आणि वर्तुळाचे नाव इउंग: आरंभी काहीच नाही, शेवटी ङ. या नावांपैकी पहिली आठ छ्वे सेजिन नावाच्या पंडिताने 1527 साली मुलांना चिनी अक्षरे शिकवण्याच्या पुस्तकात चिनी अक्षरांच्या साह्याने नोंदवली. 'उक', 'उत' असे ध्वनी दाखवणारी चिनी अक्षरे त्याला मिळेनात, म्हणून गीउक, दीउत, सीउत अशी सरळ नावे न होता गियॉक, दिगुत, शिओत अशी वाकडी नावे झाली. उत्तर कोरियात ती नंतर सरळ करून घेतली आहेत, दक्षिणेत वाकडीच चालतात.

मुके वर्तुळ समजायला आपल्याला अडचण पडू नये. ज्यांनी जुनी मराठी पुस्तके चाळली आहेत त्यांनी 'अितिहास', 'अुत्तर' असे छापलेले पाहिले असेल. सावरकरांच्या लिपिशुद्धीत 'अ'लाच वेलांटी आणि उकार देत, म्हणजे तिथे 'अ' ही नुसती स्वरचिन्हाला टेकू देणारी खुंटी झाली. शब्दाच्या आरंभीचे कोरियन वर्तुळ ही तीच खुंटी आहे. 'ङ'साठी पूर्वी देठ असलेले वेगळे वर्तुळ होते. पुढे दोन्ही आकार एक झाले आणि एकाच गोलाकडे दोन कामे आली.

चार वर्षे उल्सानला

रामबागकर ताईंनी आकारांचे काम पूर्ण केले आहे, मी कानाचे सांगतो. मी इंदूरचाच, नोकरीनिमित्त दक्षिण कोरियातल्या उल्सानला चार वर्षे राहिलो आणि तिथे पहिले सहा महिने माझे बोलणे लोकांना कळत नव्हते, त्याला आपल्यासारखाच तक्ता कारण होता.

'ब' की 'प' या प्रश्नाला उत्तर असे की ते अक्षर दोन्हीही नाही. 'वेडा' या अर्थाचा शब्द लिहिताना एकच बादली दोनदा काढतात, पण ऐकू येतो 'पाबो': शब्दाच्या आरंभी घोष, म्हणजे 'प'चा 'ब' करणारा गळ्यातला कंप, नसतो, दोन स्वरांच्या मध्ये आला की येतो. 'ग', 'द' आणि 'ज' यांचेही तसेच. मांसाला 'कोगी' म्हणतात आणि त्यातला क आणि ग एकाच विळ्याने लिहितात. आपला जादोंगही तिथल्या माणसाच्या तोंडून 'चादोंग'च्या जवळचा ऐकू येईल, मात्र मधला द स्वच्छ द असेल, कारण तो स्वरांच्या मध्ये आहे. कोरियन माणसाला विचाराल तर तो शपथेवर सांगेल की दोन्ही अक्षरे सारखीच उच्चारली. त्याला हसू नये. आपण 'अंक', 'अंत' आणि 'अंब' या तिन्हींवर एकच टिंब देतो, उच्चार ङ, न आणि म असे तीन करतो, आणि कोणी दाखवून दिल्याशिवाय आपल्यालाही ते कळत नाही.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे: एका कोरियन अक्षराला एक देवनागरी अक्षर बांधू नका. अक्षर आणि त्याची जागा अशी जोडी पाठ करा.

खरी परीक्षा तीन पायऱ्यांची आहे. साधे, फुंकर असलेले आणि आवळलेले अशी तीन व्यंजने तिथे वेगळी मानतात. आवळलेले दाखवायला साधे अक्षर दोनदा शेजारी लिहितात आणि अशी पाच जोडाक्षरे आहेत. साध्या 'द'ने 'दाल' म्हटले की चंद्र, 'थ'ने 'थाल' म्हटले की मुखवटा, आणि आवळलेल्या 'त्त'ने म्हटले की मुलगी. फुंकर असलेली आपल्याला फुकट मिळतात, ख, थ, छ आपल्या घरचेच आहेत. 'फ' मात्र दोन्ही ओठ मिटून म्हणावा, हल्ली शहरात 'फोन' म्हणताना दात ओठावर येतो तसा नव्हे. आवळलेल्यासाठी 'पक्का', 'पत्ता', 'गप्पा' यांतले मधले व्यंजन मनात धरावे आणि तेवढाच भाग शब्दाच्या आरंभी आणावा. अडतो तो साधा गट. आरंभी त्यातही थोडी फुंकर असते आणि मला ते 'थ'च वाटे. पुढे एका सहकाऱ्याने सांगितले की फुंकर मोजत बसू नकोस, सूर ऐक. सोलकडच्या तरुण पिढीच्या बोलण्यात साध्या व्यंजनानंतरचा स्वर खालच्या सुरात आणि फुंकरवाल्यानंतरचा वरच्या सुरात येतो. हे कळल्यावर माझा कान उघडला.

एक गंमत नमूद करतो. 'जरा' आणि 'चमचा' आपण इंदूरकर हिंदीच्या वळणाने टाळूला जीभ लावून म्हणतो आणि पुण्याचे नातेवाईक त्यावरून आपली टिंगल करतात. दक्षिण कोरियातला ज हा 'जन्म' आणि 'जीव' यांतला ज आहे, 'जहाज'मधला मराठी ज नव्हे. या एका अक्षरापुरता इंदुरी उच्चार प्रमाण ठरतो, ही गोष्ट मी पुण्याला मुद्दाम फोन करून कळवली होती. 'स'चेही ध्यानात ठेवा: पुढे ई आली की त्याचा श होतो. आपल्या मशीनवर स्टार्टचे बटण असेल तर त्यावर 'शिजाक' असेल आणि त्यात नुसता तंबूच दिसेल.

दुसरी पाळी (इंदूर)

ताई आणि दादा, दोघांचे मनापासून आभार. काल पाळी सुरू होण्याआधी दहा मिनिटे पॅनेलसमोर उभा राहिलो. स्टार्टवर 'शिजाक' आहे, तंबू आणि मग छप्परवाला तंबू, आणि शेवटी खाली विळा. लाल बटणावर चार अक्षरसमूह आहेत. ते मी 'बिसांगजॉंगजी' असे वाचले, आणि दादांचा नियम लावला तर आरंभीच्या बादलीचा उच्चार 'पि' झाला पाहिजे. गेली कित्येक वर्षे मी ज्या बटणाला फक्त 'लाल' म्हणत होतो त्याचे नाव पहिल्यांदा वाचले.

एक शंका राहिली. 'शिजाक'च्या शेवटचा विळा मी 'शिजाग' वाचू की 'शिजाक'? आणि शेवटी तंबू, छप्पर किंवा तुरा आला तर सगळ्यांचा त होतो का?

चार वर्षे उल्सानला

शेवटी क, आणि तोही सोडायचा नाही. जीभ जागेवर नेऊन तिथेच थांबवायची, जसे 'वाक्' शब्दावर श्वास अडवावा. अवयवाच्या शेवटी व्यंजन कोणतेही लिहिलेले असो, ध्वनी सातच उरतात: क, न, त, ल, म, प आणि ङ. दुसऱ्या प्रश्नालाही उत्तर होय असेच आहे. त्याचा उत्तम नमुना ताईंच्या विळ्यातच आहे: विळ्याला कोरियन शब्द 'नात', दिवसाउजेडीची वेळ 'नात' आणि चेहरा हाही 'नात'. पहिल्यात शेवटी तंबू, दुसऱ्यात छप्पर, तिसऱ्यात तुरा. सुटे उच्चारले की तिन्ही एकसारखे. पुढे स्वराने सुरू होणारा प्रत्यय लागला की अनुक्रमे स, ज आणि छ पुन्हा जागे होतात. म्हणून लिहिताना फरक राखावाच लागतो.

परीक्षार्थी

मी कोरियनची पहिल्या पातळीची परीक्षा देणार आहे, म्हणून सरावापुरते दोन शब्द. गणिताची चौकोनी घरांची वही घ्यावी आणि एका घरात एक अक्षरसमूह लिहावा. कोरियन मुलेही अशाच वहीत लिहितात आणि तिला तिथे चौकोनी कापलेल्या मुळ्याच्या किमचीवरून गमतीने नाव पडले आहे. चौकोन एका फटक्यात काढू नये: आधी डावी उभी रेघ, मग वरची आणि उजवी मिळून एक, शेवटी तळ. वर्तुळ वरून सुरू करून डावीकडे फिरवावे. दुसरे म्हणजे फोनवर कोरियन कळफलक घ्यावा, त्याने कदाचित रिकाम्या चौकोनांची तक्रारही मिटेल. त्यात सगळी व्यंजने डाव्या हाताला आणि स्वर उजव्या हाताला आहेत, त्यामुळे आठवड्याभरात बोटांनाच व्यंजन कोणते ते कळू लागते. देवनागरीचा तक्ता मी दहाव्या दिवशी वहीतून फाडून टाकला होता आणि मला त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

लिपीवेडा

या पाच आकारांच्या कथेवर मला थोडी शंका आहे. ही लिपी आपल्या ब्राह्मीवरून घेतली आहे असे मी वाचले होते. मग तोंडाचे आणि दातांचे चित्र ही नंतर रचलेली कथा नव्हे काय?

रामबागकर

आपण वाचले ते बहुधा गॅरी लेडयार्ड या अमेरिकी अभ्यासकाच्या मताचे ताणलेले रूप असावे. त्यांच्या मते काही थोड्या व्यंजनांचे आकार मंगोल दरबारातल्या फाग्स-पा लिपीवरून सुचले असावेत; ती लिपी तिबेटीवरून आली आणि तिबेटी ब्राह्मीच्या कुळातली. हे मत वादग्रस्त आहे, आणि ते मान्य केले तरी 'आपल्यावरून घेतली' इतके त्यातून निघत नाही. उच्चारस्थानांनुसार व्यंजने लावण्याची पद्धत सेजोंगपुढे चिनी ध्वनिशास्त्रातून आली आणि त्या शास्त्रावर बौद्धांबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णविचाराची छाया होती, इतका आनंद आपण मानावा. आकारांची कारणे मात्र लिपी जाहीर झाली त्याच वर्षीच्या ग्रंथात लिहिलेली आहेत, म्हणून त्यांना नंतरची कथा म्हणता येणार नाही. आणि प्रश्नकर्त्यांना उद्या पाळीवर जायचे आहे, त्यांना फाग्स-पाचा उपयोग नाही.

दुसरी पाळी (इंदूर)

बाविसावा दिवस. 'जादोंग' आणि 'सुदोंग' यांच्याखाली या वेळी मी पट्टी लावली नाही. मदतनिसाला छप्पर दाखवले आणि त्याने दहापैकी दहा वेळा बरोबर ओळखले.

मशीनच्या मागच्या झाकणावर पिवळ्या पाटीवर दोनच अक्षरसमूह आहेत. पहिल्यात छप्परवाला तंबू आणि खाली उ. दुसऱ्यात मुके वर्तुळ आणि एक जोडस्वर, जो मला अजून येत नाही, पण शेवटी उभी रेघ आहे म्हणून मी ई धरला. शब्द होतो 'जुई'. सगळा विभाग हसला की प्रेस मशीनच्या मागे जुईचा वेल कोणी लावला. मी काय चुकलो?

चार वर्षे उल्सानला

काही चुकला नाहीत. तो जोडस्वर शब्दाच्या मध्ये आला की बोलताना बहुतेक लोक त्याचा ईच करतात. आरंभीचा ज थोडा 'च'कडे झुकवा, बाकी वाचन बरोबर आहे. अर्थ 'सावधान'. त्या झाकणाच्या आत हात घालण्याआधी मेन स्विच बंद करा.